प्राचार्य काय आभाळातून पडतो?



गुडघ्यांमुळे लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणं बंद झालं, तेव्हापासून सकाळचा वेळ पेपरात जातो. 'प्राचार्य पाहिजे' या जाहिराती मी आवर्जून वाचतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्याला पीएच.डी. हवी, पंधरा वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण हवेत. विद्वान माणूस कुणाला नको? पण भीमाशंकराच्या बाजूची मुलगी एसटी चुकू नये म्हणून रोज शेवटचा तास बुडवते, तेव्हा वेळापत्रक कुणी हलवायचं? कांदा काढणीत वर्ग ओस पडले तर? संचालकाच्या भाच्याला नेमायचा निरोप आला तर? याला किती गुण?

आमच्या शाळांत माणूस पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक असं करत मुख्याध्यापक होतो. खुर्ची मिळेपर्यंत चटके बसून झालेले असतात. कॉलेजात मात्र काल इतिहास शिकवणाऱ्यावर आज अनुदान, नॅक, रोस्टर सगळं एकदम येऊन पडतं. मुदत पाच वर्षांची, फार तर आणखी पाच. त्यातली पहिली दोन शिकण्यात जातात, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

"रयत"चं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, सर, तो काळ वेगळा होता. होताच. पैसा त्याहून कमी होता! तरी कर्मवीरांनी १९१९ साली संस्था काढली आणि १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेजही उभं केलं. माणसं आयती मिळतील या भरवशावर ते बसले नाहीत. त्यांच्याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. खेड्यातल्या पोराची अडचण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्या मंचरचं आवटे कॉलेज त्याच रयतचं, म्हणून हे सांगणं फार लांबचं नाही.

गंमत म्हणजे २०१८ च्याच नियमांत ज्येष्ठ प्राध्यापकाला दोन वर्षांसाठी उपप्राचार्य करण्याची सोय आहे. पण मी पाहिलेले बरेच उपप्राचार्य परीक्षेच्या पाळ्या लावतात आणि पाहुण्यांना श्रीफळ देतात. त्यापेक्षा पहिलं वर्ष वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्या गळ्यात घाला, दुसरं वर्ष हिशेब आणि आगाराशी भांडण. जमलं तर प्राचार्यपदाचा अर्ज करू द्या.

आमच्या नात्यातले दोघे संस्थांच्या मंडळांवर आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. बाबांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. चहाइतकाही खर्च नाही.