घराला कुलूप, कुंडीत ओल

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्याकडे पिशव्या भरायला सुरुवात होते. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाला माहेरची ओढ. निघण्यापूर्वी गॅसची कळ बंद होते, मेनस्विच खाली येतो, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगून ठेवलं जातं. शेवटी चपला पायात घालताना कुणीतरी विचारतं, "आणि कुंड्यांना पाणी?"

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मुलं परगावी आणि घरात दोघंच म्हातारी, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. त्या घरांत पुष्कळदा या एका प्रश्नापायी जाणंच रद्द होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी सुरत-बडोद्याकडे असतंच. माझी मावशी बडोद्याजवळ छाणीला राहते. जुन्या जैन देरासरांचं हे गाव आता शहरात मिसळून गेलं आहे, शेजारीच फर्टिलायझरनगर. काका नोकरीतून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची गॅलरी आणि त्या गॅलरीत बावीस कुंड्या. तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, मनीप्लँट, सगळं आहे. एप्रिल-मेमध्ये तिथला पारा चाळिशी ओलांडतो आणि पाऊस जूनचा मध्य उलटल्याशिवाय येत नाही.

माझ्या आईच्या पंच्याहत्तरीला मावशी एका रात्रीपुरती आली. आईचे गुडघे प्रवास करू देत नाहीत, म्हणजे भेट व्हायची तर मावशीनंच यायला हवं. "तुळस वाळली तर मनाला लागेल गं," म्हणत ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली. दोघी बहिणी आता किती वेळा भेटणार, हा हिशेब कुणी तोंडानं बोलत नाही, पण मनात प्रत्येकाच्या असतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात छाणीला गेले तेव्हा ठरवूनच गेले, की मावशीला बारा दिवस मोकळं करायचं.

बाजारात झाडांना आपोआप पाणी देणाऱ्या वस्तू आता पुष्कळ मिळतात. त्या पाहण्याआधी दोन कामं घरातच करायची असतात. पहिलं काम मोजणीचं. रोज किती पाणी घालतो हे विचारलं तर "एक तांब्या" असं उत्तर येतं. तो तांब्या केवढा आणि त्यातलं किती पाणी खालून वाहून जातं, हे पाहायला हवं. समजा सहा कुंड्यांना रोज पाव लिटर लागतं. म्हणजे दिवसाला दीड लिटर, बारा दिवसांना अठरा. त्यात चौथा हिस्सा उन्हासाठी वाढवला तर साडेबावीस लिटर. हा आकडा हाताशी असला की एक लिटरची बाटली लावून निश्चिंत होण्याची चूक होत नाही.

दुसरं काम तहान कमी करण्याचं. कुंड्या गॅलरीच्या कठड्यावरून उतरवून सावलीत, भिंतीच्या आत, एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात. निघायच्या आठवड्यात खत घालू नये, कारण नवी पालवी फुटली की झाड पाणी जास्त मागतं. कोरफड, निवडुंग यांना तर नुसतं सावलीत सरकवलं तरी पुरे. मावशीच्या बावीसपैकी सहा कुंड्या अशाच यादीतून गेल्या.

आता साधनांकडे येऊ. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून मला त्यांचे दोनच प्रकार दिसतात. काही साधनं आपण ठरवू तेवढं पाणी देतात, मग मातीला हवं असो वा नसो. काही मात्र माती मागेल तसं देतात.

पहिला प्रकार आपल्याला नवा नाही. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ओडिशात चैत्र-वैशाखाच्या सांध्यावर, मेष संक्रांतीपासून, तळाला बारीक छिद्र पाडलेलं मडकं तुळशीवर टांगतात. थेंबाथेंबानं पाणी देण्याची ही जुनी रीत. शेतातलं ठिबक त्याच वंशातलं. इस्रायलच्या सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर तिथे १९६५ मध्ये कारखाना निघाला आणि पुढे जळगावमुळे ते आपल्या केळीच्या बागांत पोचलं. गॅलरीसाठी त्याचं छोटं रूप म्हणजे नळाला लावायचा टायमर, बारीक नळ्या आणि ड्रिपर.

टायमर घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. पहिली, तुमच्या नळाला पाणी केव्हा असतं? नगरपालिकेचं पाणी ठराविक वेळीच येतं, त्यामुळे टायमर गच्चीवरच्या टाकीच्या नळालाच जोडावा लागतो. आणि टाकी एक-दोन मजलेच वर असली तर दाब फार कमी मिळतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब; तीन मीटरला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे बरेच टायमर एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत, बॉल व्हॉल्व्हचे चालतात. दुकानदाराला तेवढं विचारून घ्या. दुसरी गोष्ट, नळी निसटली तर काय? बंद घरात टाकी रिकामी होईल आणि पाणी खालच्यांच्या छतातून उतरेल. म्हणून पूर्ण टाकी जोडण्याऐवजी एक पिंप भरून उंचावर ठेवावं आणि नळ्या त्याला जोडाव्यात. सांडलं तरी चालेल तेवढंच पाणी जोडणं, हा साधा नियम.

झाकणाला भोक पाडून मातीत उलटी खोचलेली बाटलीही याच प्रकारातली. भोक मोठं असेल तर ती एका दुपारीत रिकामी होते, बारीक असेल तर मातीनं बुजते. दोन-तीन दिवसांना ठीक. बारा दिवसांचा भरवसा तिच्यावर ठेवू नये.

वात या दोहोंच्या मधली. भरलेल्या बादलीतून सुती दोरी कुंडीत आणायची. समईची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. दोरी आधी पूर्ण भिजवावी आणि तिचं टोक मुळांजवळ चार बोटं खोल दाबावं. नुसतं मातीवर ठेवलेलं टोक उन्हानं सुकतं आणि सगळं थांबतं. बादली कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीपेक्षा वर असेल तर वात नळीसारखी वाहू लागते आणि झाडाची मुळं कुजवते. पातळी मातीच्या थोडी खाली असावी, पण फार खालीही नको, कारण वातीची ओढ मर्यादित असते. सुती वात पंधरवडाभर टिकते. कायमची सोय करायची तर नायलॉनची जाड दोरी बरी, ती कुजत नाही.

दुसऱ्या प्रकारात माझ्या मते सगळ्यांत शहाणं साधन म्हणजे कच्चं मडकं. बिनरंगाचं, बिनचकाकीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं आणि भरून झाकायचं. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढते. ओली असली की ओढ थांबते. म्हणजे मागणी तसा पुरवठा. ही रीत चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात सांगितलेली आहे. आपल्या देशात १९७० च्या दशकात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत अशा मडक्यांवर भाजीपाला पिकवण्याचे प्रयोग झाले.

कुंडीत मडकं मावायचं कसं? त्याचं उत्तर आपल्या फडताळातच असतं. संक्रांतीची सुगडं! बडोद्याकडच्या मराठी घरांतही सुगडं पुजली जातात आणि नंतर माळ्यावर पडून राहतात. न रंगवलेलं सुगड कुंडीत पुरावं. मात्र त्यात पाणी थोडंच मावतं, उन्हाळ्यात दिवस-दोन दिवसांचं. म्हणून भरलेली बाटली सुगडात उलटी उभी करावी, तिचं तोंड सुगडातल्या पाण्यात बुडेल अशी, आणि काठीला बांधून घट्ट करावी. सुगडातली पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली की आत हवा शिरते आणि तेवढंच पाणी खाली येतं. पोल्ट्रीत कोंबड्यांना पाणी याच तत्त्वानं देतात. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर सुगडाची छिद्रं हळूहळू बुजतात, तेव्हा दरवर्षी नवं सुगड वापरावं.

तळाशी पाण्याची टाकी असलेल्या तयार कुंड्याही मिळतात. चांगल्या असतात, पण झाड त्यात आधीपासून रुजलेलं हवं. निघायच्या आदल्या दिवशी उपटून लावलं तर ते कुंडीनं नव्हे, धक्क्यानं मरतं. पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे, दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेलं हायड्रोजेलही त्यातलंच, कुंडी भरतानाच मातीत मिसळायचे असतात. ते पाणी साठवतात, निर्माण करत नाहीत.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. कुंड्यांखाली पाण्यानं भरलेल्या ताटल्या ठेवून जाऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही बारा दिवसांनी परताल तेव्हा झाडांबरोबर तेही वाट पाहत असतील. बादली, पिंप, सुगड, सगळं झाकून किंवा कापडानं बांधून ठेवा.

मावशीकडे आम्ही तुळस, मोगरा, जास्वंद यांना सुगड आणि बाटली दिली, कढीपत्ता आणि गवती चहाच्या कुंड्यांना वाती जोडल्या. टायमर घेतला नाही. समोरच्या बेनना किल्ली दिली, पण रोज पाणी घालायला नव्हे. "बेन, पाचव्या आणि नवव्या दिवशी फक्त बघा आणि बाटल्या, बादल्या भरा," एवढंच सांगितलं. रोजचं ओझं दिलं की शेजारीणही अवघडते आणि आपणही. दोनदा डोकावणं कुणालाही जड जात नाही. आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी घसरलेली वात त्याला दिसत नाही, माणसाला दिसते.

मावशी बारा दिवस राहिली. दोघी बहिणींनी कुरडया केल्या, भांडल्या, दुपारी एकाच चटईवर झोपल्या. ती परत गेली तेव्हा एक गुलाब गेलेला होता, मोगऱ्याची पानं थोडी पिवळी पडली होती, तुळस हिरवी होती. फोनवर तिनं गुलाबाचं दुःख केलं आणि लगेच विचारलं, "दिवाळीनंतर येऊ का गं?"

तेव्हा मंडळी, यंदा जाण्याचं ठरत असेल तर साधन निघण्याच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी लावा. तीन दिवस घरात असूनही हातानं पाणी घालू नका, नुसतं पाहा. बोटभर खोल माती ओली राहिली तर साधन खरं. नाहीतर दुरुस्तीला अजून चार दिवस आहेत. आणि तुमच्या ओळखीत कुंड्यांपायी घरात अडकलेलं कुणी आजी-आजोबा असतील, तर एका रविवारी जाऊन त्यांची सुगडं पुरून द्या. झाडं तर जगतीलच, पण कुणाची तरी राहून गेलेली भेटही होईल.