बादशहाचा गालिचा आणि रयतेचा आंबा

बालदोस्तांनो, थंडी पडली की आपल्या फुलंब्रीत काय होतं? शेकोट्या पेटतात, गोधड्या निघतात. जुन्या इराणच्या बादशहांचा थाट निराळा! बाहेरची बाग सुकली की महालात गालिचा अंथरायचा. साठ हात लांब, साठ हात रुंद. सोन्याची जमीन, रत्नांची फळं-फुलं, मधून पाण्याचे पाट. नाव 'खुस्रोचा वसंत'. इ. स. ६३७ मध्ये अरबांनी त्यांची राजधानी तेसिफोन जिंकली. गालिचा मदिनेला गेला आणि तिथं चक्क तुकडे करून वाटला गेला. एक तुकडा म्हणे वीस हजार दिरहमला विकला!

असल्या ऐषआरामात वाढलेल्या राजपुत्रांना शहाणं कोण करणार? त्यासाठी इराणात उपदेशाचे ग्रंथ लिहीत. कैकाऊस राजानं १०८२ साली आपल्या मुलासाठी 'काबूसनामा' लिहिला. प्रकरणं ४४! जेवावं कसं, घोडा पारखावा कसा, सगळं आहे. शिवाय, राजाच्या मुलानंही एखादं हातचं काम शिकावं, असंही सांगितलंय. गुश्तास्प राजपुत्रावर परमुलखात पोटासाठी लोहारकाम करायची वेळ आली होती, ही गोष्ट त्यातलीच.

आपल्या मराठीतही असा ग्रंथ आहे बरं का! रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', साल १७१५. पंतांनी शिवाजी महाराजांचा कारभार जवळून पाहिलेला. हे लिहिलं करवीरच्या संभाजीराजांच्या नावानं. गड कसे राखावे, सावकारांना कसं सांभाळावं, टोपीकर व्यापाऱ्यांपासून किती जपून राहावं, ते सारं यात येतं.

मला मात्र त्यातला झाडांचा मजकूर सगळ्यांत आवडतो. आरमाराला लाकूड तर हवंच. सागवान घ्या, पण परवानगीनं. आंबा-फणसाचं लाकूडही गलबतांना चालतं, तरी त्याला हात लावू द्यायचा नाही. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहील का? फारच जीर्ण झालेलं झाड असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावं. जबरदस्ती बिलकूल नाही. बघा, राज्याला जहाजं हवीत, सत्ताही हातात आहे, आणि तरी झाडाच्या मालकाला विचारायचं!

तुमच्या बांधावर जुना गावरान आंबा आहे का? कुणी लावला, नाव काय, शेंद्र्या की खोबऱ्या? आज जेवताना आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.