पत्त्यांकडे प्रतिभेची चौकशी

पत्ता ओढून नशीब पाहणे ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. जत्रेतल्या पोपटाने चोचीने ओढलेले पाकीट आपण सर्वांनीच पाहिले आहे. कोकणात देवाला कौल लावतात. आणि उत्तरेकडे नेमणूक झालेल्या आमच्या वाचकांनी रामशलाकेच्या घरांवर डोळे मिटून बोट ठेवणारी वडीलधारी माणसे शेजारी पाहिली असतील. तेव्हा टॅरो नावाचे युरोपीय पत्ते शहरोशहरी मांडले जाऊ लागले, एवढ्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली नसती. ती घ्यावी लागली, ती या पत्त्यांना अलीकडे विचारण्यात येणाऱ्या एका प्रश्नामुळे. बदली रद्द होईल काय, मुलीचे लग्न जमेल काय, हे प्रश्न बिचारे जुने आणि प्रामाणिक आहेत. नवा प्रश्न असा : 'माझी सर्जनशक्ती कोठे अडली आहे?' आणि तो विचारणारी माणसे अडाणी नाहीत. ती तुमच्या-आमच्यातलीच आहेत. पदवीधर, बहुश्रुत, तरुणपणी चार कविता छापून आलेली, आणि तिसऱ्या की चौथ्या बदलीनंतर लिहिणे थांबलेली.

विधी साधा आहे. तीन पत्ते उपडे मांडावयाचे. पहिला प्रेरणेचा उगम सांगतो, दुसरा अडथळा, तिसरा पुढची वाट. दंडांचा एक्का निघाला, म्हणजे ढगातून बाहेर आलेल्या हातात पालवी फुटलेली काठी दिसली, तर नव्या स्फूर्तीची चाहूल. सम्राज्ञी निघाली तर सुपीक काळ. चषकांची चव्वी निघाली, तर झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला एक तरुण दिसतो. समोर आलेला पेला तो पाहतच नाही. याचा अर्थ, मन विटले आहे, आज थांबावे. आमचे भांडण नेमके या 'आज थांबावे'शी आहे.

या पत्त्यांच्या पाठीमागे जे गूढ वलय उभे केले जाते, त्याचा आधी निकाल लावू. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारांत झाला, तो खेळण्यासाठी. अठ्ठ्याहत्तर पत्ते, त्यांतले बावीस चित्रांचे. हुकूम मारून हात जिंकावयाचे. हा खेळ फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात आजही खेळला जातो. तीन-साडेतीनशे वर्षे या पत्त्यांना तत्त्वज्ञान चिकटले नव्हते. 1781 साली कूर द जेबेलँ या फ्रेंच विद्वानाने, हा तर प्राचीन मिसरी पुरोहितांचा ज्ञानग्रंथ आहे, असे छापून टाकले. मिसरी चित्रलिपी तोवर कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढणार कोण? शांपोल्यॉने ती लिपी उलगडली 1822 साली. तिच्यात टॅरोचा मागमूस सापडला नाही. पण तोवर धंदा चांगला जमला होता, आणि जमलेला धंदा पुराव्याअभावी बंद पडल्याचे उदाहरण निदान आमच्या ऐकिवात नाही.

आता गमतीची गोष्ट पाहा. ज्या चित्रांपुढे बसून लोक प्रेरणेची याचना करतात, ती चित्रे कशी निर्माण झाली? आज सर्वत्र दिसणारा संच लंडनमध्ये 1909 साली निघाला. रायडर हे प्रकाशकाचे नाव आणि वेट हे योजकाचे. संच या दोघांच्या नावाने प्रसिद्धी पावला. चित्रे मात्र काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. ऐंशीच्या आसपास चित्रे त्यांनी काही महिन्यांत पुरी केली, आणि त्याच वर्षी स्टिग्लिट्झ या छायाचित्रकारास पत्राने कळविले की काम मोठे झाले, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. पंधराव्या शतकातील एका इटालियन संचाची छायाचित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये 1907 साली आली होती. तज्ज्ञ दाखवून देतात की बाईंच्या काही पत्त्यांची ठेवण त्या जुन्या चित्रांशी जुळते. म्हणजे बाईंनी आपली सर्जनशक्ती कोठे अडली हे कोणत्याही पत्त्यास विचारले नाही. जुनी चित्रे पाहिली, मुदत सांभाळली, आणि प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आपली सही गुंफून ठेवली. 1951 साली कॉर्नवॉलमध्ये त्या वारल्या, त्या दारिद्र्यात. या पत्त्यांवर चरितार्थ चालविणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

याच संचात नाण्यांची अठ्ठी म्हणून एक पत्ता आहे. एक कारागीर बाकावर बसून छिन्नी-हातोड्याने नाण्यावर चांदणी कोरतो आहे. घडलेली नाणी बाजूच्या खांबाला टांगली आहेत, एक पायाशी पडले आहे. सर्व संचात लेखकाला उपयोगी असा पत्ता आम्हाला तरी हा एकच दिसतो. पण स्फूर्तीच्या शोधात निघालेल्यांना तो नको असतो. त्यांना ढगातला हात हवा असतो.

आमच्या विरुद्ध पक्षाचे एक उत्तर आम्ही जाणून आहोत, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, 'आम्ही भविष्य पाहतच नाही. पत्ता हा केवळ आरसा. त्यात पाहून आम्ही आपल्या मनाचा विचार करतो.' ठीक आहे. पण या आरशात जो तो आपल्यालाच पाहतो, याचे कारण आरशात नसून पाहणाऱ्यात आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना 'हे खास तुमचे स्वभाववर्णन' म्हणून एकेक कागद दिला. सर्वांचा मजकूर अक्षरशः एकच होता आणि बराचसा फुटपाथी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. 'आपल्यात बरीच शक्ती वापराविना पडून आहे' हे वाक्य कोणाला पटणार नाही? सचिवालयातील सहसचिवाला पटेल आणि त्याच्या दारावरील शिपायालाही पटेल. पण यावरून एकाचीही कविता पुढे सरकत नाही.

तरीही चित्र पाहून मन चाळवते, हे आम्ही नाकारीत नाही. इतालो काल्व्हिनो या इटालियन कादंबरीकाराने टॅरोचे पत्ते टेबलावर मांडून, वाचा गेलेल्या प्रवाशांच्या कथा रचल्या. 1969 साली त्यांचा पहिला भाग आणि 1973 साली पूर्ण पुस्तक निघाले. मधली वर्षे तो पत्ते मांडीत आणि मोडीत बसला होता, आणि या नादातून सुटण्यासाठीच आपण पुस्तक छापतो आहोत, असे त्याने शेवटी लिहून ठेवले. एलियटने 1922च्या आपल्या काव्यात टॅरो आणला आणि टिपांत सरळ सांगितले की संचाची नेमकी रचना आपल्याला ठाऊक नाही, सोयीप्रमाणे फेरफार केले आहेत. दोघांनीही पत्त्यांना कामाला लावले. त्यांचा सल्ला घेतला नाही. चित्र पाहून गोष्ट रचणे निराळे, आणि गोष्ट रचावी की नाही हे चित्रास विचारणे निराळे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे एकशेवीस गोल पत्ते पिढ्यान्पिढ्या लोकांच्या हाती फिरले. दिवसा डाव असला तर उतारी रामाची, रात्री असला तर कृष्णाची. खुद्द अवतार हाती आले असता कोणी मत्स्याला आपल्या आर्येची प्रकृती विचारली नाही!

खरे दुखणे शब्दांत आहे. 'ऊर्जा', 'अडथळा', 'प्रवाह' ही सारी इंग्रजी मार्गदर्शिकांतून उचललेली भाषा प्रतिभेची कल्पना नळाच्या पाण्यासारखी करते : तोटी कोठे तुंबली ते शोधले की झाले. मम्मटाने काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन नावे घेतली, आणि ती तीन मिळून एकच कारण होते असे बजावले. निपुणता म्हणजे लोक, शास्त्रे आणि काव्ये यांच्या निरीक्षणातून आलेली. मग परप्रांती दहा वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याचे लिखाण का थांबते? दिवसभर टिपणे इंग्रजीत, बाजार हिंदीत, मुले आपसात कोणत्याच भाषेत धड बोलत नाहीत. मराठी उरते ती आईच्या फोनपुरती आणि मंडळाच्या गणेशोत्सवापुरती. वर्षभरात नवे मराठी पुस्तक हाती पडलेले नाही, लिहिलेले वाचून दाखवावे असा माणूस गावात नाही. ही सारी उघड कारणे बाजूस सारून तो गृहस्थ आपल्या अंतर्यामीच्या ऊर्जेत दोष शोधू लागतो, आणि त्याचे सांत्वन करणारा चषकांचा पत्ता निघाला की दौत बंद करतो. आमची तक्रार आहे ती ही. जेथे महिन्याकाठी एकदा मराठी कथावाचन होत असे, तेथे त्या संध्याकाळी 'टॅरो आणि तुमची सर्जनशीलता' असा वर्ग भरवावयाचा, म्हणजे उपाशी माणसाला जेवण न वाढता त्याच्या भुकेची कुंडली मांडणे होय.

आणि परमुलखात चाकरी करून लिहिणाऱ्यांना मार्गदर्शन हवेच असेल, तर ते इटलीहून आणण्याचे प्रयोजन नाही. इ. स. 900च्या सुमारास राजशेखर होऊन गेला. घराणे महाराष्ट्राचे, आपला पणजा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. स्वतः मात्र राहिला कनोजला, प्रतिहार राजा महेंद्रपालाच्या दरबारी. आमच्या वाचकांचा हा पूर्वजच म्हणावयाचा. 'काव्यमीमांसे'त त्याने कवींचे जे प्रकार केले आहेत, त्यांत 'दत्तावसर' असा एक आहे : जो सेवेला बाध न आणता कविता करतो तो. अशा कवीला वेळ मोजकाच मिळतो हे राजशेखर जाणतो, आणि तो कोणता तेही सांगतो. रात्रीचा शेवटचा अर्धा प्रहर, ज्याला तो सरस्वतीचा मुहूर्त म्हणतो. भोजनानंतरची स्वस्थ वेळ. आणि वाहनातून चाललेला प्रवास, कारण तेव्हा चित्त इतर विषयांतून सुटलेले असते. दौऱ्यावरच्या आगगाडीचे याहून चांगले समर्थन आम्हाला ठाऊक नाही. दिवसाच्या चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या जाणत्यांत बसून, सकाळचे लिखाण तपासावे. जास्त झाले ते काढावे, उणे पडले ते भरावे, चुकीच्या जागी पडले ते हलवावे. या साऱ्या दिनक्रमात आज शक्ती आहे की नाही, हे विचारण्यासाठी त्याने एकही घटका राखून ठेवलेली नाही.

ज्यांना पत्ता काढावयाचाच असेल, त्यांनी खुशाल काढावा. कोणता निघाला ते आम्हास कळविण्याची आवश्यकता नाही. त्या संध्याकाळी दोन पाने लिहून झाली, तर ती पाने पाठवावीत. आम्ही ती वाचू, आणि जेथे खटकतील तेथे समासात तसे लिहून परत करू.