रविवारचा देश

२६ एप्रिल २०२५ च्या रात्री कॅनडातील व्हँकुव्हर शहरात फिलिपिनो लोकांचा एक उत्सव आटोपत आला होता. खाद्यपदार्थांच्या गाड्या लागल्या होत्या, लेकुरवाळी माणसे रस्त्यावर होती. त्या गर्दीत एका इसमाने भरधाव मोटार घातली. अकरा माणसे मेली. त्यांत पाच वर्षांची एक मुलगीही होती. हा दहशतवादाचा प्रकार नाही, असे पोलिसांनी सांगितले. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. हा उत्सव कोणाच्या नावाने होता आणि ही माणसे तेथे कशी पोहोचली, याची चौकशी करावी असे कोणाला वाटले नाही.

उत्सव लापू-लापूच्या नावाने होता. लापू-लापू हा माक्तान बेटावरचा नायक. १५२१ साली स्पेनच्या राजाच्या वतीने आलेल्या मॅगेलनची हुकमत त्याने नाकारली. लढाई झाली आणि तीत मॅगेलन मारला गेला. पुढे स्पेनने ही बेटे घेतलीच आणि त्यांना आपल्या राजाचे, फिलिपचे नाव दिले. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता, त्यानंतर अमेरिकेची. जिंकणाऱ्याचे नाव आजही त्या देशाच्या कपाळी आहे. पण पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसांनी उत्सवाला नाव निवडले ते न वाकलेल्या माणसाचे. आम्हास हे महत्त्वाचे वाटते.

आज सुमारे एक कोटी फिलिपिनो मायदेशाबाहेर राहतात. कॅनडात २०२१ च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांहून अधिक होते. त्यांतील अनेक स्त्रिया मालकाच्याच घरी राहून मुले आणि म्हातारी माणसे सांभाळण्याच्या योजनेतून तेथे गेल्या. कोणी परिचारिका आहे, कोणी खलाशी. आपल्या मुंबई-गोव्याचे जे तरुण जहाजांवर नोकरी करतात, त्यांना हा खलाशी चांगला ठाऊक आहे. असा एवढा मोठा समाज परमुलखात आपली ओळख कशी टिकवतो? संस्कृती टिकवणे म्हटले की प्रस्थापितांना नाच, पदार्थ आणि पोशाख आठवतात. आम्ही प्रश्न वेगळा विचारतो. या सगळ्यासाठी त्यांना वेळ कोण देतो?

हाँगकाँगचे उदाहरण घ्या. तेथे सुमारे दोन लाख फिलिपिनो घरकामगार आहेत आणि त्यांत बहुतेक सगळ्या स्त्रिया. आठवड्याचे सहा दिवस त्या कोणाला दिसत नाहीत, त्या परक्यांच्या स्वयंपाकघरात असतात. रविवारी मात्र शहराच्या ऐन मध्यभागी, जेथे मोठमोठ्या बँकांच्या इमारती आहेत तेथे, त्या हजारोंच्या संख्येने येऊन बसतात. चेटर रोड त्या दिवशी वाहनांना बंद असतो. फुटपाथवर, पुलांवर, एका जगप्रसिद्ध बँकेच्या मुख्यालयाखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरले जातात. एका गावच्या बाया एका कोपऱ्यात, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कोपऱ्यात. कोणी भात-अडोबोचे डबे उघडते, कोणी मैत्रिणीचे केस कापून देते, कोणी नाचाची तालीम करते, कोणी घरी पाठवायचे खोके बांधते. शेजारीच संघटनेची सभा चालते आणि करारात काय लिहिले आहे ते समजावून सांगितले जाते. ही जागा कोणी त्यांना बांधून दिलेली नाही. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्या रस्त्यावर बसल्या, आणि बसून बसून तेथे त्यांचे गाव झाले.

या शहराशी त्यांचे नाते जुने आहे. फिलिपिन्सचा राष्ट्रध्वज १८९८ साली शिवला गेला तो याच हाँगकाँगमध्ये. परागंदा झालेल्या मार्सेला आगोन्सिल्यो या बाईने आपली मुलगी आणि आणखी एक सहकारी यांच्यासह तो शिवला. ‘आम्ही फिलिपिनो’ हा उच्चार घडवण्यात परदेशी राहणाऱ्यांचा वाटा केवढा मोठा आहे, हे यावरून दिसते.

हा रविवार आकाशातून पडलेला नाही. सात दिवसांत एक दिवस सुटी, असा हाँगकाँगचा कायदा आहे आणि तो घरकामगारांनाही लागू आहे. कायदा आहे म्हणून पुठ्ठा अंथरता येतो. सिंगापूरमध्ये घरकामगारांना आठवड्याची सुटी कायद्याने मिळाली ती २०१३ साली, आणि तीही पैसे देऊन टाळण्याची सोय ठेवून. महिन्यातून एक तरी सुटी अशी विकत घेता येणार नाही, एवढी दुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडले. आखाती देशांत ज्या बाईचा पासपोर्टच मालकाच्या कपाटात असतो, तिने कोणती संस्कृती टिकवायची? तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारे माणूस तिला महिनोन्‌महिने भेटत नाही.

रविवारची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारून १८९० साली मुंबईत तो मिळवला. पण त्याच मुंबईत आज भांडी घासणाऱ्या, लादी पुसणाऱ्या आमच्या बायांना तो आहे काय? महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांचे कल्याण मंडळ आले, सुटी मात्र मालकिणीच्या मर्जीवरच राहिली. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. फिलिपिन्सने तो २०१२ मध्ये मान्य केला आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशातील घरकामगारांना आठवड्याची सुटी देणारा कायदा केला. भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

हाँगकाँगचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. इतर परदेशी माणूस तेथे सात वर्षे राहिला की कायम वास्तव्याचा हक्क मागू शकतो. घरकामगार बाईने पंचवीस वर्षे काढली तरी तो हक्क नाही. १९८६ पासून तेथे राबणारी एक फिलिपिनो स्त्री याविरुद्ध कोर्टात गेली, आणि २०१३ साली सर्वोच्च पातळीवर ती हरली. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत शहर सोडायचे, हा नियम १९८७ पासून आहे. मुलाबाळांना सोबत आणण्याची परवानगी नाही.

शेवटची ही अट आम्हास सर्वांत क्रूर वाटते. संस्कृती आईकडून मुलाकडे जाते, असे सगळेच म्हणतात. येथे आई हाँगकाँगला आणि मूल आजीपाशी. आईची अंगाई मालकाच्या बाळाला मिळते, तिच्या स्वतःच्या बाळाला मोबाइलच्या पडद्यावर तिचा चेहरा मिळतो. मग आई खोके पाठवते. ‘बालिकबायन’ खोके म्हणतात त्याला. साबण, बूट, चॉकलेट, डबाबंद मटण असे महिनोन्‌महिने जमवून, चिकटपट्टीने घट्ट बांधून ते समुद्रमार्गे जाते. २०१५ साली कस्टम खात्याने ही खोकी उघडून तपासण्याचे ठरवले, तेव्हा जगभरचे फिलिपिनो असे खवळले की राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. वरवर पाहता प्रश्न कराचा होता. पण त्या खोक्यात आईपण बांधलेले होते, ते कारकुनाला कसे कळावे?

आता सरकारकडे पाहा. माणसे बाहेर पाठवण्याचे धोरण मार्कोस यांच्या हुकूमशाहीत, १९७४ च्या कामगार कायद्याने पक्के झाले. त्यानंतर सरकारे बदलली, धोरण राहिले. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधील घरकामगारांना ‘नवे वीर’ ही पदवी दिली. २०२४ साली बाहेरच्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम घरी पाठवली. अशा माणसांना वीर म्हणायला सरकारचे काय जाते? १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या घरकामगार बाईला सिंगापूरने दोन खुनांच्या आरोपावरून फाशी दिले. ती निर्दोष आहे, सरकारने तिच्यासाठी पुरेसे काही केले नाही, अशी भावना देशभर उसळली. स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो त्यानंतर, त्याच वर्षी.

म्हणून मायदेशाचे प्रेम आणि मायदेशाच्या सत्तेचे प्रेम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबलेल्या जुन्या फिलिपिनोंना हे कळले होते. त्यांना मनोंग म्हणत, म्हणजे आपल्याकडचे ‘दादा’. सोबत बायका फारशा आलेल्या नव्हत्या आणि गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला १९३३ पासून कायद्यानेच बंदी होती. म्हणून कित्येक मनोंग एकटेच म्हातारे झाले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो गावी द्राक्षमळ्यांत संप सुरू केला तो या मनोंगांनी. लॅरी इटलिओंग त्यांचा पुढारी. सेझार चावेझ यांची मेक्सिकन संघटना आठ दिवसांनी सामील झाली. पुढे जगाने नाव लक्षात ठेवले ते चावेझ यांचे! (इतिहासात असे कोणाचे नाव पुसले जाते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.) दोन्ही संघटना एक झाल्या. फिलिप वेरा क्रूझ हे त्या संयुक्त संघटनेचे उपाध्यक्ष होते. १९७७ साली चावेझ मार्कोसचे पाहुणे म्हणून फिलिपिन्सला गेले आणि हुकूमशाहीबद्दल बरे बोलून आले. वेरा क्रूझ यांनी संघटना सोडली. वय झालेले, गाठीला पैसा नाही, तरी सोडली.

आजचे चित्र याच्या उलट आहे. माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी मनिला विमानतळावर अटक झाली आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेण्यात आले. अंमली पदार्थांविरोधी मोहिमेच्या नावाखाली हजारो माणसे मारल्याचा ठपका त्यांच्यावर आहे, आणि मारली गेलेली माणसे बहुतांश झोपडपट्टीतील गरीब. दुतेर्ते विमानातून उतरले ते हाँगकाँगहून. दोनच दिवस आधी तेथील फिलिपिनो कामगारांनी त्यांची सभा डोक्यावर घेतली होती. झोपडपट्टीतूनच आलेली घरकामगार बाई झोपडपट्टीतल्या पोरांना मारणाऱ्याच्या नावाने जयजयकार का करते? परमुलखात रोज अपमान गिळणाऱ्या माणसाला आपल्या देशाचा कोणी ‘मर्द’ पुढारी मोठा आधार वाटतो. हे आम्ही समजू शकतो, माफ करू शकत नाही.

शिवाय ‘फिलिपिनो संस्कृती’ म्हणजे नेमकी कोणाची? राष्ट्रभाषा टागालोगवर उभी आहे. अमेरिकेत इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी यांच्यानंतर घराघरांत बोलली जाणारी भाषा म्हणजे टागालोग. इलोकानो, सेबुआनो बोलणाऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला बहुधा इंग्रजीच येते. डोंगरात राहणाऱ्या इगोरोत लोकांना तर १९०४ साली अमेरिकेच्या सेंट लुईस शहरातील जागतिक प्रदर्शनात ‘रानटी’ म्हणून मांडण्यात आले. तिकीट काढून लोक त्यांना बघायला येत. सुशिक्षित फिलिपिनोंनी त्याचा निषेध केला. पण अनेकांचे दुःख एवढेच होते की, जगाला आपणही तसेच वाटू.

त्याच इगोरोत समाजाच्या स्त्रिया आज हाँगकाँगच्या रस्त्यावर रविवारी गांगसा वाजवतात. गांगसा म्हणजे त्यांची पितळी झांज, थाळीसारखी, काठीने किंवा हाताने वाजवायची. आपल्या हाताने विणलेले पट्ट्यांचे वस्त्र नेसून त्या गोल धरतात. येथे तिकीट नाही, पिंजरा नाही. बघणारे चिनी, गोरे आणि टागालोग बोलणारे त्यांचेच देशबांधव कडेला उभे असतात. संध्याकाळ झाली की झांजा पिशवीत जातात, वस्त्राची घडी होते. मालकाच्या घरीच राहण्याची अट आहे, आणि दाराला किल्ली त्याची आहे.