दोन इंचांचा तोतया

जॉन केनेडींच्या हत्येबद्दल शंका घेणाऱ्या सगळ्यांना एकाच दावणीला बांधून वेड्यात काढणे मला मान्य नाही. राष्ट्राध्यक्ष भर रस्त्यात मारला जातो, संशयित दोनच दिवसांत पोलिसांच्या इमारतीत गोळी लागून मरतो आणि खटला उभाच राहत नाही. अशा वेळी लोक प्रश्न विचारणारच. पण प्रश्न विचारण्याच्या हक्काबरोबर पुराव्याने दिलेले उत्तर मानण्याची जबाबदारीही येते. डॅलसमध्ये पकडलेला ली हार्वी ऑस्वाल्ड हा खरा ऑस्वाल्ड नव्हे, रशियातून पाठवलेला तोतया होता, हा दावा त्या जबाबदारीने तपासला पाहिजे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. ऑस्वाल्ड १९५६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरती झाला. सप्टेंबर १९५९ मध्ये सेवा सोडताना त्याची उंची ५ फूट ११ इंच नोंदली गेली. पुढच्याच महिन्यात तो मॉस्कोत पोहोचला आणि १९६२ मध्ये परतला. १९६३ च्या शवविच्छेदनात मात्र उंची ५ फूट ९ इंच भरली. लहानपणी त्याच्या डाव्या कानामागच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली होती, पण शवविच्छेदनाच्या अहवालात तो व्रण नाही. शिवाय त्याच्या जन्मदाखल्यावर कुणी तोतया वावरत असण्याची शक्यता खुद्द एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांनी जून १९६० मध्येच परराष्ट्र खात्याला कळवली होती. ब्रिटिश लेखक मायकल एडोज यांनी अशा विसंगतींवर आपला सिद्धान्त उभा केला. हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

आता उत्तरपक्ष. सैन्याच्या ज्या दप्तरात ५ फूट ११ इंच आहेत, त्याच दप्तरात भरतीच्या वेळची उंची ५ फूट ८ इंच आहे. सतरा वर्षांचा मुलगा पुढे इंचभर वाढला, यात नवल काय? विसंगत आहे ती सुटतानाची एकच नोंद, आणि एडोज यांच्या सिद्धान्ताने नेमकी तीच प्रमाण धरली. उंचीचा आकडा मोजणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असतो. कागदपत्रे तर बनावटही असतात. अटकेनंतर ऑस्वाल्डच्या पाकिटात हिडेल नावाचे लष्करी नोंदणीचे कार्ड सापडले. त्यावर फोटो त्याचाच होता आणि कार्ड खोटे होते.

म्हणूनच दप्तरातल्या सगळ्या नोंदींना सारखे वजन देता येत नाही. भरतीच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे डॅलसमधल्या कैद्याच्या ठशांशी जुळले. दप्तरातले ठसेच बदलले असतील, अशी शंका कुणी काढील. तिचे उत्तर ४ ऑक्टोबर १९८१ रोजी मिळाले. ऑस्वाल्डची पत्नी मरीना हिचा आग्रह होता आणि भाऊ रॉबर्ट याने न्यायालयात विरोध केला होता. अखेर फोर्ट वर्थच्या दफनभूमीतून मृतदेह बाहेर काढण्यात आला. डॉ. लिंडा नॉर्टन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने दातांची तुलना मरीन कोअरच्या नोंदींशी व एक्स-रेशी केली. दात जुळले. डाव्या कानामागच्या हाडात जुन्या शस्त्रक्रियेची खूणही होती. शवविच्छेदनात जे लिहायचे राहिले होते, ते हाडाने जपून ठेवले होते.

यावर दावेदारांपैकी काहींनी पवित्रा बदलला. १९६३ मध्ये अंत्यविधीची तयारी करणाऱ्याने सांगितले की, उकरलेल्या कवटीवर शवविच्छेदनाचा छेद दिसला नाही. मग डोकेच बदलल्याची कथा निघाली. पण नॉर्टन यांच्या पथकाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात कवटीवरचा करवतीचा छेद स्पष्ट नोंदलेला आहे. वाळलेल्या ऊतींमुळे वरचा भाग चिकटून राहिला होता, इतकेच. प्रत्येक उत्तरानंतर जो सिद्धान्त नवा गुन्हा कल्पून स्वतःला वाचवतो, त्याने सत्याचा शोध सोडलेला असतो.

माझे म्हणणे सरळ आहे. ओळख सिद्ध करायची तर ज्या नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी, पुढच्या वादाची कल्पनाही नसताना झाल्या, त्या शोधाव्या आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहावे. १९४६ मधली कानाची शस्त्रक्रिया, १९५६ मधले ठसे, मरीनमधल्या काळातले दात: हे तिन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात.

यातून ऑस्वाल्ड एकटा होता, हे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. १९७९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने तर कटाची शक्यता मान्य केली होती. तिचा मुख्य आधार असलेला ध्वनिपुरावा पुढे १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी फेटाळला, ही गोष्ट वेगळी. पण कट मानणाऱ्या त्याच समितीच्या तज्ज्ञांनी ऑस्वाल्डचे हस्ताक्षर आणि छायाचित्रे तपासली आणि त्यांना तोतयाचा मागमूस सापडला नाही. केनेडींच्या मृत्यूबद्दल ज्यांना खरोखर न्याय हवा आहे, त्यांनी हा तोतया सोडून द्यावा. खोट्या धाग्यामागे गेलेली प्रत्येक चौकशी खऱ्या प्रश्नांचा वेळ खाते.