अंडे, केळे आणि लोकवर्गणी

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे वा फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला. नाचणी सत्त्वात घालावयाच्या साखरेचा खर्चही नाकारण्यात आला. हे पदार्थ द्यावयाचे असतील तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले.

लोकसहभाग हा शब्द मोठा गोड आहे. बागायती गावात वर्गणी जमेलही. परंतु तेथील मुलांना अंडे घरीही मिळते. दिवाळीनंतर ज्या गावातील निम्मी माणसे ऊसतोडीला जातात, तेथे वर्गणी मागावयाची कोणाकडे? गरज जेथे अधिक तेथे ऐपत कमी, आणि म्हणूनच तर सरकारने कर गोळा करावयाचा असतो! सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न देण्याची जबाबदारी शासनावर टाकली, ती गावकऱ्यांच्या दानतीवर नव्हे.

मुलांनाच सकस अन्नाची आवड नाही, अशी तक्रार सुशिक्षित वर्गात नेहमी ऐकू येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेचे दुष्परिणाम सांगणारे फलक लावावयास सांगितले. खाऊचे पैसे शीतपेयांवर उडविणाऱ्या मुलांसाठी ते योग्यच आहे. पण नाचणीतली चमचाभर साखर जेथे काटकसरीपायी गेली, तेथील मुलांनी त्या फलकावरून काय शिकावे? आवड ताटात घडते. वर्षानुवर्षे पिवळी खिचडीच वाढली, तर कंटाळलेल्या मुलाला नावडता ठरविण्यात अर्थ नाही.

प्राथमिक शाळेतील मुलाच्या जेवणात १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे शासकीय मानकच सांगते. त्यातली निम्मी एका अंड्यातून मिळतात. धान्य वगळता प्रत्येक मुलामागे साहित्याचा खर्च मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे ठरला. त्यात डाळ, तेल, भाजी, इंधन भागवावयाचे. अंडे बसावे कोठे?

तामिळनाडूत कामराजांनी १९५६ साली शाळेतील भोजन सुरू केले, रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते वाढविले, आणि २०१० मध्ये करुणानिधींच्या शासनाने आठवड्यातील पाचही शाळेच्या दिवशी अंडे देऊ केले. एकमेकांचे हाडवैरी असलेले पक्ष. पण मुलांच्या ताटात त्यांनी भरच घातली.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील शाळांच्या नोंदी पाहाव्यात. २०२५ नंतर कोणत्या गावात किती वर्गणी जमली आणि किती आठवडे अंडे मिळाले, याचा तक्ता पंचायत समितीपुढे ठेवावा.