जामीन मिळाला, मंच का मिळत नाही?

कोणी कोणावर हसायचे, हे या देशात शतकानुशतके वरच्यांनी ठरवले. तमाशात सोंग घेऊन नाचणारा गावकुसाबाहेरचा आणि त्याला हसणारा वाड्यातला! आंबेडकरी जलशाने हा खेळ उलटवला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी सावकारशाहीला आणि भटशाहीला हास्याचा विषय केले. ज्याला हसले जात होते तोच हसू लागला. अशा हास्याची सत्तेला धडकी भरते. मुनव्वर फारूकी या विनोदी कलावंताचे प्रकरण याच नजरेने पाहिले पाहिजे.

फारूकी मूळचा जुनागढचा. गुजरातच्या 2002 च्या दंगलीत त्याचे घर उद्ध्वस्त झाले. पुढे कुटुंब मुंबईत डोंगरीला आले. भांड्याच्या दुकानात काम करणारा हा पोरगा पुढे हातात माईक घेऊन एकट्याने लोकांना हसवू लागला. अमेरिकेत मो आमेर नावाचा असाच एक कलावंत आहे. कुवेतमध्ये जन्मलेला हा पॅलेस्टिनी आखाती युद्धामुळे ह्यूस्टनला पोचला आणि नागरिकत्वासाठी अनेक वर्षे ताटकळला. त्याच ससेहोलपटीवर त्याने 2022 मध्ये 'मो' ही मालिका केली. आमेरला जग निर्वासित म्हणते. स्वतःच्याच देशात घर गमावलेल्या फारूकीला काय म्हणायचे?

1 जानेवारी 2021 रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमातूनच त्याला पोलीस ठाण्यात नेण्यात आले. देवदेवतांचा आणि केंद्रीय गृहमंत्र्यांचा अपमान केल्याची फिर्याद भाजप आमदाराच्या मुलाने दिली होती. त्या कार्यक्रमातल्या अपमानाची चित्रफीत नाही, हे पोलिसांनीच तेव्हा पत्रकारांना सांगितले. तरीही 28 जानेवारीला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. अखेर 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने अंतरिम जामीन दिला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, हा 2014 च्या अर्नेशकुमार निकालाचा नियमच पाळला गेला नव्हता. फारूकी सुटला, तरी त्याच्याबरोबर पकडलेला नलिन यादव आणखी काही आठवडे तुरुंगातच होता.

पण जामिनाने मंच परत मिळाला का? नोव्हेंबर 2021 मध्ये बंगळुरूचा कार्यक्रम रद्द झाला. कारण काय, तर कायदा-सुव्यवस्था! म्हणजे धमकी देणारा मोकळा आणि तोंड बंद कोणाचे, तर कलावंताचे! ऑगस्ट 2022 मध्ये हैदराबादेत मात्र धमक्या असूनही पोलीस बंदोबस्तात कार्यक्रम झाला. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर संरक्षण देता येते. पुढे फारूकीने 'बिग बॉस' जिंकले, 2025 मध्ये 'फर्स्ट कॉपी' मालिकेत तो नायक झाला. त्याचे बरे झाले. ज्यांच्या मागे प्रसिद्धी नाही, त्यांचे काय?

त्याचा प्रत्येक विनोद पटलाच पाहिजे असे नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोकणी माणसांवरच्या त्याच्या शेऱ्याने लोक दुखावले, त्याने माफी मागितली. शब्दाला शब्दाने उत्तर जरूर द्यावे. हात उगारण्याची धमकी हे उत्तर नव्हे.

येथे एस. रंगराजन खटला आठवावा. आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचा तो वाद. निदर्शनांच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ठणकावले. तो चित्रपट आपल्याला न पटणाराच होता. पण त्याला वाचवणारे कलम 19 हेच उद्या आपल्या जलशालाही वाचवणार आहे. नावडत्याच्या वेळी ते मोडू दिले, तर आपल्या वेळी ते कुठून आणणार?

इस्लापूरसारख्या गावात जयंतीच्या मंचावर आपली पोरे पुढाऱ्याची, बुवाबाजीची नक्कल करतात. उद्या कोणी भावना दुखावल्याची फिर्याद दिली, तर घाबरू नका. जुने कलम 295 अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम 299 आहे. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे. त्यातही हेतू दुष्ट आणि जाणूनबुजून असल्याचे सिद्ध व्हावे लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 नुसार अटकेची कारणे नोंदवावी लागतात. अटक गरजेची नसेल तर नोटीस द्यावी लागते. ती कारणे मागा, वकिलाला बोलवा.

आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोरावर अशी वेळ आली, तर त्याच्याही बाजूने ठाण्यात जा. त्याची जात-धर्म विचारत बसू नका. संविधानाने तो विचारलेला नाही.